मोबाईलचे रंग फिरले, "थांबले आहे" असं आलं, आता काय? इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेल रोडवर डॉलर मार्केटच्या आसपास मोबाईल दुरुस्तीच्या काउंटरवर मी बरीच वर्षं बसले. आता घरूनच काम करते, पण रामबागेतल्या मावशींपासून सुदामानगरच्या वहिनींपर्यंत सगळ्यांचे फोन अजून माझ्याकडेच येतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून एकदाचे लिहून टाकते. उत्तरं मुख्यतः अँड्रॉइडसाठी आहेत, आयफोनवाल्यांचं थोडक्यात शेवटाकडे आहे. "ताई, डिस्प्ले गेला" म्हणून माझ्याकडे आलेल्या फोनांपैकी पुष्कळांचा डिस्प्ले धडधाकट निघाला, एवढं आधीच सांगून ठेवते.

"सिस्टिम यूआय थांबले आहे" असं सारखं येतं. फोन मेला का?

नाही. सिस्टिम यूआय हा अँड्रॉइडचाच एक भाग. घड्याळ-बॅटरीची वरची पट्टी, बोटाने खाली ओढतो तो नोटिफिकेशनचा पडदा, त्यातली वायफाय-टॉर्चची बटणं, लॉक स्क्रीन, आवाजाची पट्टी, हे सगळं तोच काढतो. तो कोसळला की अँड्रॉइड त्याला आपणहून पुन्हा उभं करतं. म्हणून स्क्रीन क्षणभर काळी होते आणि परत येते.

महिन्यातून एकदा झालं तर फोन रीस्टार्ट करा आणि विसरा. दर पाच मिनिटांनी होत असेल, तर उठल्या उठल्या तो ज्या गोष्टीला अडखळतो ती शोधायची. नेहमीचे संशयित म्हणजे नुकतंच टाकलेलं थीमचं किंवा लाँचरचं (होम स्क्रीनचं रूप बदलणारं) अॅप, लाइव्ह वॉलपेपर, अर्धवट राहिलेलं अपडेट आणि काठोकाठ भरलेलं स्टोरेज. शेवटचं लोकांना पटत नाही. "जागेचा आणि याचा काय संबंध?" संबंध आहे. सिस्टिमला स्वतःच्या तात्पुरत्या फाइली लिहायलाही जागा लागते. नातवाच्या बारशाचे एकच व्हिडिओ पाच ग्रुपांतून पाच वेळा आलेले असतात, ते आधी उडवा.

पण रंगांचं काम नक्की कोण बघतं?

एकजण नाही, तीन-चार जण मिळून बघतात, म्हणून तर घोळ होतो. प्रत्येक अॅप आपापला कागद रंगवतं. सरफेसफ्लिंगर नावाची प्रक्रिया हे सगळे कागद एकावर एक ठेवून एक चित्र बनवते. त्या चित्रावर शेवटी रंगांचे संस्कार होतात, म्हणजे रात्रीचा पिवळसरपणा, रंगांधळ्यांसाठीची रंगसुधारणा, उलटे रंग वगैरे. आणि मग त्या विशिष्ट काचेला, म्हणजे डिस्प्लेला, साजेसे रंग जुळवायचं काम चिप बनवणाऱ्याची किंवा फोन बनवणाऱ्याची व्यवस्था करते. क्वालकॉमची क्यूडीसीएम, मीडियाटेकची मिराव्हिजन, सॅमसंगची एमडीएनआयई ही त्यातली नावं.

इंदूरकराला हे एका प्लेटीत समजतं. पोहे, शेव, कांदा म्हणजे अॅपांचे थर. आणि सगळ्यात शेवटी वरून भुरभुरतात तो जीरावण मसाला म्हणजे रंगांचा फिल्टर. जीरावण लक्षात ठेवा, पुढच्याच उत्तरात लागणार आहे.

बिघाड सॉफ्टवेअरचा की काचेचा, दुकानात न जाता कसं कळेल?

तीन चाचण्या आहेत. पैसे लागत नाहीत, दहा मिनिटं लागतात.

रंग बिघडलेला दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि तो दुसऱ्याच्या फोनवर पाठवून बघा. तिथेही डाग किंवा विचित्र रंग दिसला, तर दोष कुठल्या तरी अॅपच्या किंवा सिस्टिमच्या चित्रातच आहे. काच निर्दोष. तिथे चित्र स्वच्छ दिसलं, तर मात्र दोन शक्यता उरतात. एक काच, दुसरी जीरावण. कारण बहुतेक फोनांत स्क्रीनशॉट हा जीरावण भुरभुरायच्या आधीच्या प्लेटीचा फोटो असतो. नाइट लाइट लावून फोन केशरी झाला असला, तरी स्क्रीनशॉट साधाच येतो. इथेच माणसं फसतात. "स्क्रीनशॉट चांगला आला म्हणजे डिस्प्लेच गेला" असं एका दुकानदाराने आमच्या शेजारच्या काकांना सांगितलं आणि काच बदलून दिली. पिवळेपणा नव्या काचेवरही तस्साच! मी नाइट लाइट बंद केलं तेव्हा काकांनी काही न बोलता फक्त चष्मा काढून पुसला.

म्हणून दुसरी चाचणी. फोन पूर्ण बंद करून चालू करा आणि कंपनीचं नाव येतं त्या क्षणाकडे नीट बघा. तेव्हा अँड्रॉइड जागंच झालेलं नसतं, त्यामुळे फिल्टरही नसतो. रेघ, डाग किंवा हिरवट झाक त्या वेळीही असेल, तर ते काचेचं किंवा तिला फोनशी जोडणाऱ्या आतल्या पट्टीचं दुखणं. नाव स्वच्छ आलं आणि होम स्क्रीन आल्यावर रंग फिरला, तर सॉफ्टवेअर.

तिसरी चाचणी सेफ मोडची. पॉवर बटण दाबून धरा, पडद्यावर "पॉवर ऑफ" आलं की त्यावरच बोट दाबून ठेवा, सेफ मोडचं विचारेल. काही फोनांत चालू होताना आवाज कमी करायचं बटण दाबून धरावं लागतं. सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेली अॅप्स झोपलेली असतात. तिथे सगळं ठीक दिसलं, तर गुन्हेगार त्या अॅपांतच आहे. शेवटी टाकलेल्या अॅपापासून मागे जात एकेक काढा. डोळ्यांना आराम देतो म्हणणारी निळा-प्रकाश-फिल्टरवाली अॅप्स यात वारंवार सापडतात. ती सगळ्या पडद्यावर एक रंगीत काच धरतात आणि कधी कधी अडकून बसतात.

संध्याकाळ झाली की स्क्रीन पिवळी पडते, सकाळी बरी होते. काही व्हायरस?

नाइट लाइट. कुठे त्याला आय कम्फर्ट म्हणतात, कुठे रीडिंग मोड. "सूर्यास्त ते सूर्योदय" निवडलेलं असतं. डिसेंबरात इंदूरला पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे थंडीत ही तक्रार जास्त येते. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन वेळापत्रक काढून टाका.

आजीचा फोन एकदम फोटोच्या निगेटिव्हसारखा झाला. दुसऱ्या आजोबांचा काळा-पांढरा.

निगेटिव्ह म्हणजे कलर इन्व्हर्जन. अँड्रॉइडमध्ये आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद एकत्र दाबली की अॅक्सेसिबिलिटीचा (कमी दिसणाऱ्या-ऐकू येणाऱ्यांसाठीच्या सोयींचा) शॉर्टकट चालू होतो, आणि त्याला इन्व्हर्जन जोडलेलं असेल तर रंग उलटतात. म्हातारी माणसं फोन घट्ट पकडतात, बोटं नेमकी तिथेच येतात. तीच बटणं पुन्हा तीन सेकंद दाबा. मग सेटिंग्जमध्ये अॅक्सेसिबिलिटीत जाऊन तो शॉर्टकटच काढा, नाहीतर उद्या पुन्हा तेच.

काळ्या-पांढऱ्याची वाट वेगळी. आधी बेडटाइम मोड बघा, झोपायच्या वेळी तो पडदा करडा करतो. मग रंगसुधारणेत ग्रेस्केल चालू आहे का, आणि अति बॅटरी बचत लागली आहे का ते बघा. एवढं करूनही करडाच असेल, तर घरातल्या इंजिनिअर नातवाला विचारा, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये काय उद्योग केलेत. तिथे "सिम्युलेट कलर स्पेस" नावाचं एक सेटिंग आहे. ते मोनोक्रोमसीवर राहिलं की फोन जुन्या दूरदर्शनसारखा दिसतो.

एरर मध्ये भलतंच नाव येतं, "कॉम डॉट" पासून सुरू होणारं, त्यात क्यूडीसीएम किंवा कलर असं काही असतं. हे अॅप मी टाकलेलंच नाही. काढून टाकू?

काढू नका. ते फोनबरोबरच आलेलं, काचेचे रंग जुळवणारं सिस्टिमचं अंग आहे. नाव परकं वाटतं म्हणून लोकांना ते हेरगिरीचं अॅप वाटतं, आणि मग यूट्यूबवर बघून कॉम्प्युटर जोडून ते बंद करतात. मग डिस्प्लेच्या सेटिंगमधला रंगांचा पर्याय उघडताच सेटिंग्जच कोसळायला लागतात.

त्याऐवजी असं करा. डिस्प्लेमध्ये स्क्रीन मोड किंवा कलर मोड असतो, तिथे विव्हिड असेल तर नॅचरल करा, फोन रीस्टार्ट करा, मग हवं तर परत विव्हिड. बिघडलेली नोंद बऱ्याचदा एवढ्यानेच नव्याने लिहिली जाते. नाही जमलं तर सेटिंग्ज, अॅप्स, वरच्या तीन टिंबांतून "शो सिस्टिम", तिथे ते नाव शोधून कॅशे (तात्पुरत्या फाइली) आणि डेटा साफ करा. बटण राखाडी असेल तर तुमच्या फोनला ते मान्य नाही, हट्ट करू नका. सिस्टिम अपडेट आलेलं असेल तर ते टाका. आणि एरर कस्टम रॉम, म्हणजे कंपनीच्या ऐवजी बाहेरचं अँड्रॉइड, टाकल्यावर सुरू झाली असेल, तर रंगांची व्यवस्था आणि रॉम एकमेकांना ओळखत नाहीयेत, कॅशे पुसून ती ओळख होणार नाही. कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर परत टाकावं लागेल.

नुसतं वॉलपेपर लावल्याने फोन बंद-चालू होत राहू शकतो? मुलगा म्हणतो, अफवा आहे.

मुलाला सांगा, खरं आहे. २०२० च्या जूनमध्ये हेच झालं. तळं, डोंगर, ढग असा एक अगदी निरागस निसर्गफोटो फिरत होता. अँड्रॉइड १० च्या अनेक फोनांवर, विशेषतः सॅमसंग आणि पिक्सेलवर, तो वॉलपेपर म्हणून लावला की सिस्टिम यूआय कोसळायचा, उठायचा, पुन्हा तोच फोटो वाचायचा, पुन्हा कोसळायचा. फोटोत विषाणू नव्हता. भानगड रंगांची होती.

मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगते. फोटोच्या फाइलमध्ये रंगांबरोबर एक चिठ्ठी असते, हे रंग कुठल्या मापाने वाचायचे याची. नेहमीचं माप एसआरजीबी. त्या फोटोची चिठ्ठी प्रोफोटो आरजीबी नावाच्या प्रचंड मोठ्या मापाची होती. ते इतकं मोठं आहे की त्यातले काही रंग माणसाच्या डोळ्याला दिसतच नाहीत. वॉलपेपर किती उजळ आहे हे ठरवायला अँड्रॉइड प्रत्येक ठिपक्याचा उजेड मोजतं. हिशेबात हिरव्याला साधारण ७२ टक्के, लालला २१ आणि निळ्याला ७ टक्के वजन असतं, कारण आपल्या डोळ्याला हिरवाच सगळ्यात उजळ वाटतो. बेरीज ० ते २५५ या खणांपैकी एकात टाकायची. त्या फोटोच्या एका ठिपक्याची बेरीज २५५ च्या पुढे गेली. तसा खणच नव्हता. प्रोग्राम गोंधळला आणि बसला. ज्यांना सेफ मोडमध्ये जाऊन वॉलपेपर बदलता आलं ते सुटले, बाकीच्यांवर फॅक्टरी रीसेटची पाळी आली. पुढे अँड्रॉइड ११ मध्ये हे दुरुस्त झालं.

तेव्हा जुना फोन वापरणाऱ्यांनी कुठूनही उतरवलेला भारी फोटो थेट वॉलपेपर करू नये. आधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो लावा. स्क्रीनशॉटबरोबर ती मूळ चिठ्ठी येत नाही.

एका दिवशी रंग ठीक होते, पण सगळी अॅप्सच धडाधड बंद व्हायला लागली.

ते दुखणं वेगळं. अॅपांच्या आत वेबपानं दाखवणारा सिस्टिम वेबव्ह्यू नावाचा घटक असतो. २०२१ च्या मार्चमध्ये त्याच्या एका अपडेटने जगभरातल्या फोनांवर जीमेलसकट कित्येक अॅप्स बंद पाडली होती. प्ले स्टोअरमधून वेबव्ह्यू आणि क्रोम अपडेट केलं की सुटायचं. तेव्हा असं झालं की आधी बाकीच्यांना विचारा, "तुझंही?" सगळ्यांचंच होत असेल तर तुमचा फोन निर्दोष आहे. चहा करा, अपडेटची वाट बघा.

दुकानदार म्हणतो फॅक्टरी रीसेट मारावं लागेल.

तो बरोबरही असेल, पण बऱ्याचदा रीसेट हा काउंटरवरचा आळस असतो. मीही केलाय, खोटं कशाला बोलू. त्याआधी दोन पायऱ्या आहेत. "रीसेट ऑल सेटिंग्ज" हा पर्याय फोनात असेल तर तो वापरा. फोटो, मेसेज, अॅप्स तशीच राहतात, फक्त सेटिंग्ज मूळपदावर जातात. आणि अँड्रॉइड सुरू होण्याआधी उघडणाऱ्या रिकव्हरीच्या मेनूत "वाइप कॅशे पार्टिशन" असेल तर ते करा, त्यानेही फोटो जात नाहीत. तिथेच "वाइप डेटा" नावाची ओळ असते, तिच्यावर बोट गेलं की सगळं साफ. चष्मा लावून करा. नव्या बऱ्याच फोनांत कॅशेची ओळ नसतेच.

रीसेट करायचंच ठरलं, तर व्हॉट्सअॅपचा बॅकअप घ्या आणि गुगलचा पासवर्ड खरंच आठवतोय का ते आधी तपासा. रिकव्हरीतून रीसेट केल्यावर फोन जुनंच खातं मागतो. ते दिलं नाही तर उघडत नाही. "आयडी पुण्याच्या भाच्याने काढून दिला होता" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय!

डिस्प्ले बदलून आणला. रंग फिके आहेत आणि बोटाचा ठसाही चालत नाही.

मूळ काच अॅमोलेड होती आणि बसवलेला कॉम्बो (टचसकट अख्खा डिस्प्ले) साध्या एलसीडीचा आहे, हे जवळजवळ नक्की. अॅमोलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, त्यामुळे काळं खरंच काळं दिसतं. एलसीडीच्या मागे दिवा असतो, तिथे काळं राखाडी वाटतं. स्क्रीनखालचा ठशाचा सेन्सर अॅमोलेडमधून आरपार बघतो. एलसीडीमागच्या दिव्यामुळे त्याला दिसत नाही, म्हणून तो मुका झाला.

शिवाय रंग जुळवण्याची फाइल विशिष्ट काचेसाठी बनवलेली असते. दुसरीच काच लावली की जुळणी चुकते, कलर मोड बदलूनही फरक पडत नाही. ही दुरुस्ती सेटिंगमध्ये नाही, बिलात आहे. बदलण्याआधीच विचारायचं, "अॅमोलेड आहे की कॉपी?" आणि उत्तर बिलावर लिहून घ्यायचं. स्वस्त कॉम्बो टाकणं हा गुन्हा नाही, जुन्या फोनला कधी कधी तेच शहाणपणाचं असतं. न सांगता टाकणं ही लबाडी. दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

अपडेट केलं आणि स्क्रीनवर उभी हिरवी रेघ आली.

वाईट बातमी. अपडेटनंतर दिसली तरी ही रेघ काचेची किंवा तिला जोडणाऱ्या पट्टीची असते. सेफ मोड, रीसेट, काही चालत नाही. दाबून, गरम करून बघू नका. आज एक असलेली रेघ उद्या चार होऊ शकते, म्हणून आजच बॅकअप घ्या. मग अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. भारतात काही कंपन्यांनी ठराविक मॉडेलांच्या अशा काचा वॉरंटी संपल्यावरही फुकट बदलून दिल्या आहेत. गल्लीतल्या दुकानात फोन उघडला की तो हक्क बहुधा जातो.

मी घरून माहेश्वरी साड्या विकते. फोटोत डाळिंबी दिसते, गिऱ्हाईक म्हणतं विटकरी आली. फोन बिघडलाय का?

फोन बिघडलेला नाही वहिनी, फोन जास्तच हौशी आहे. विव्हिड मोड साधे रंग ओढून-ताणून चमकवतो. तुमच्या पडद्यावरची डाळिंबी फाइलमध्ये तेवढी डाळिंबी नसतेच. त्यात तुम्ही घरातल्या पिवळ्या दिव्याखाली फोटो काढलेला, आणि गिऱ्हाइकाने तो रात्री अकराला नाइट लाइट लावून बघितलेला. तिघांनी मिळून रंग फिरवला.

स्वतःचा फोन नॅचरलवर ठेवा आणि एडिटिंगही त्यातच करा. फोटो सकाळी दहाच्या सुमारास, सावलीत, खिडकीपाशी काढा. तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये जुने व्यापारी कापड घेऊन दुकानाच्या दारात उजेडात येतात, ते उगाच नाही. साडीशेजारी कोरा कागद ठेवा, तो फोटोत पांढरा दिसला पाहिजे. कॅमेऱ्याचं सेटिंग पी३ नावाच्या रंगांच्या मापावर असेल तर ते बंद करा. ते माप एसआरजीबीपेक्षा साधारण पाव पट मोठं आहे, पण चिठ्ठी न वाचणाऱ्या अॅपमध्ये तोच फोटो मेलेला दिसतो. आणि सोबत शब्दांत लिहा: "डाळिंबी, विटकरीकडे झुकणारी." शब्दाला फिल्टर लागत नाही.

रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीत, फोन भिजला. आता कडेने डाग पसरतोय.

राजवाड्यापाशी तोफांनी रंगीत पाणी उडवतात आणि लोक तिथे फोन वर धरून व्हिडिओ काढतात, तेव्हा दरवर्षीचंच आहे हे. फोन बंद करा. चार्जिंगला लावू नका, ओल्या फोनला चार्जर हाच सगळ्यात मोठा शत्रू. तांदळात पुरू नका, स्टार्च आणि धूळ भोकांत जाते. हेअर ड्रायर नको. सिम ट्रे काढून पंख्याखाली ठेवा आणि उघडून साफ करणाऱ्याकडे लवकर न्या. "आयपी ६८ आहे, काही होत नाही" म्हणणाऱ्यांसाठी: पाण्यापासून बचावाची ती चाचणी स्वच्छ, गोड्या, संथ पाण्यात होते. गुलाल कालवलेल्या तोफेच्या फवाऱ्यात नाही.

मे महिन्यात स्कूटरवर फोन बघितला की स्क्रीन काळी किंवा इंद्रधनुष्यी दिसते.

गॉगल काढून बघा. पोलरॉइड गॉगल आणि स्क्रीन एकमेकांचा प्रकाश अडवतात. फोन आडवा केला तरी फरक दिसेल. आणि स्कूटर थांबवून बघा, हे सांगायला नको.

"तुमच्या डिस्प्ले सिस्टिममध्ये गंभीर त्रुटी, ताबडतोब या नंबरवर फोन करा" असं आलं.

खरी सिस्टिम एरर कधीच फोन नंबर देत नाही. ती फक्त "बंद करा" किंवा "थांबा" विचारते. हे ब्राउझरमधलं जाळं आहे. टॅब बंद करा, त्या साइटची नोटिफिकेशन परवानगी काढा. फोन केलात तर समोरचा गोड हिंदीत स्क्रीन दाखवणारं अॅप टाकायला सांगेल आणि मग बँकेचं अॅप उघडायला. पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच १९३० ला कळवा. पहिल्या तासाला फार किंमत असते.

आयफोनचं काय?

रंग उलटे किंवा करडे झाले तर बाजूचं बटण तीनदा झटपट दाबून बघा, जुन्या फोनात होम बटण. अॅक्सेसिबिलिटीतले कलर फिल्टर किंवा स्मार्ट इन्व्हर्ट त्याला जोडलेले असू शकतात. खोलीतल्या दिव्याप्रमाणे रंग बदलत असेल तर ते ट्रू टोन, संध्याकाळी बदलत असेल तर नाइट शिफ्ट. बाहेर काच बदलल्यावर ट्रू टोनचा पर्यायच गायब झाला असेल, तर जुन्या काचेची माहिती नवीत उतरवलेली नाही. ज्याने बदलली त्याच्याकडेच परत जा, काही दुकानांकडे त्याचं यंत्र असतं.

ताई, एवढं सगळं करूनही नाही झालं तर?

तर फोन घेऊन या, पण येण्याआधी दुसऱ्याच्या फोनने तुमच्या स्क्रीनचा व्हिडिओ काढून ठेवा, चालू होतानाच्या पहिल्या क्षणापासूनचा. काउंटरवर आलं की हे फोन एकदम शहाण्यासारखे वागायला लागतात.